नाणेफेकीत आलेली बाजू

एल्रॉय थिबोडोला एकशेवीस वर्षांची शिक्षा होती. खून नाही, मारामारी नाही. बहिणीच्या अंगणासाठी गवत कापायचं मशीन चोरलं. पण चोरी तिसरी होती, आणि लुइझियानात तिसऱ्या चोरीला न्यायाधीशाचा हात सैल सुटतो. सत्तावीस वर्षं भरली होती. गुरुवारी सुटकेची सुनावणी, आणि त्याआधी मंगळवारी वादविवादाचा सामना.

तुरुंगाच्या वादविवाद मंडळाशी भिडायला कॉलेजची पोरं आली होती. विषय, लांबलचक शिक्षा रद्द कराव्यात का. बाजू नाणं उडवून ठरायची. कैद्यांच्या वाट्याला आलं 'करू नयेत'.

"म्हाताऱ्या, मुद्दाम हर," कोठडीतला जोडीदार क्विंटेल म्हणाला. "परवा सुनावणी आहे. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेऊ नकोस."

"सामना वेगळा, सुनावणी वेगळी."

"मी नूडल्सची चार पाकिटं लावलीत तुझ्या हरण्यावर."

हे मात्र एल्रॉयला झोंबलं.

कॉलेजचा पोरगा तळमळीनं बोलला, गावंच्या गावं रिकामी करून तुम्ही तुरुंग भरता म्हणाला. मग एल्रॉय उठला. "शिक्षेचा उपयोग नाही म्हणता? मला बघा. सत्तावीस वर्षांत एका मशीनला हात लावलेला नाही." पहारेकऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. कॉलेजचा पोरगाही मान डोलवायला लागला. तिन्ही परीक्षकांनी कैद्यांना जिंकवलं.

त्या परीक्षकांतल्या एक, निवृत्त शिक्षिका मिसेस प्रुइट, गुरुवारी सुनावणीच्या टेबलामागे बसल्या होत्या. शेजारी आणखी दोघं.

"मिस्टर थिबोडो, सोमवारपर्यंत मी तुम्हाला सोडायच्या मताची होते. तुम्ही माझं मत बदललंत."

"मॅडम, ती बाजू नाणेफेकीत आली होती."

"मग आज दुसरी मांडा. सात मिनिटं."

एल्रॉय उभा राहिला. वादविवाद मंडळाचा एक नियम होता: आधी समोरच्याचा मुद्दा त्याच्याहून चांगला सांगायचा, मग तोडायचा. हा नियम त्यानंच तुरुंगातल्या चाळीस पोरांना घोटून शिकवला होता. आता समोरच्याचा मुद्दा म्हणजे त्याचं स्वतःचं मंगळवारचं भाषण. ते नीट सांगायला साडेसहा मिनिटं लागली. टेबलामागचे दोघं भराभर लिहून घेत होते.

"आता याचं उत्तर," तो म्हणाला आणि त्यानं घड्याळाकडे पाहिलं. "बहिणीनं माझ्यासाठी खोली रंगवून ठेवलीय. मला घरी जायचंय."

घंटा वाजली.

मिसेस प्रुइटनी डोळे पुसले. "शेवट मनाला भिडला. पण त्याला आधार काहीच नव्हता." दोन विरुद्ध एक, सुटका नामंजूर. पाच वर्षांनी परत या.

कोठडीत क्विंटेल वाट बघत होता. सगळं ऐकून त्यानं कपाळावर हात मारला.

"तिथंही नियम पाळलास?"

"नियम म्हणजे नियम."

"बरं. पाच वर्षं आहेत, सराव करू. मी तुझ्या जागी बोलतो, तू टेबलामागचा हो."

"आधी समोरच्याची बाजू," एल्रॉयनं बजावलं.

क्विंटेल उभा राहिला, शर्ट खाली ओढला. "यानं मशीन चोरलं."

"पुढे?"

"पुढे काय? झालं."

एल्रॉयनं मनात हिशोब केला. दहा सेकंदही लागले नव्हते. उत्तरासाठी सहा मिनिटं पन्नास सेकंद शिल्लक होती.