चालू लूम

दप्तरातून सुईसारखी बारीक शिट्टी वाजू लागली, तसा रंजिताचा परातीतला हात थांबला. दुपारचं घर निवांत होतं. भाविका समोरच भात कालवत बसली होती. तिला अर्थातच काही ऐकू आलं नाही.

रंजिताने पिठाचे हात पुसून दप्तर उघडलं. कंपासपेटीत, खोडरबराच्या शेजारी, लेकीचं कानाचं मशीन पडलं होतं. चालूच. कानाबाहेर कोंडलं की ते असंच किंचाळायचं. परवाही ते तिथेच सापडलं होतं.

तिने मशीन भाविकाच्या कानात बसवलं आणि तिच्या पुढ्यात बसली.

"कोणी काढलं?"

भाविकाने डावा हात मांडीखाली सरकवला, मग उष्टा उजवाही. बोलताना हात असे दाबून ठेवायचे, हे रंजितानेच शिकवलं होतं. ठाण्याच्या स्पीचवाल्या मॅडमनी बजावलं होतं, हातवाऱ्यांची सवय लागली की जीभ आळसावते. तेव्हापासून 'पाणी' म्हटल्याशिवाय या घरात भाविकाला पाणी मिळत नव्हतं. पहिल्यांदा तो शब्द आला त्या दिवशी रंजिता मोरीत जाऊन रडली होती.

"खेळ," भाविका म्हणाली.

"खेळात कोणी काढलं?"

"मॅडम."

आणि ती हसली. घाईघाईने, काही लपवल्यासारखी. ते हसूच रंजिताला खटकलं.

ओटीवरून सासूबाईंचा आवाज आला. "मी कवाची सांगतंय. ती नवीन मास्तरीन खेळाला आली ना, तवापासून पोरीचं काय तरी हाय. मशीन काढतान नि मधी उभी करतान. पोरा हसत असतील."

"आक्का, उगाच काहीतरी."

"उगाच न्हाय. तुझ्या डोल्यांनी बघून ये जा."

रंजिता परत परातीकडे वळली. भाकरी मात्र तव्यावर करपली.

दुसऱ्या दिवशी खेळाच्या तासाला ती शाळेकडे निघाली. शेलार गावाच्या रस्त्यावर गोदामांचे ट्रक एकामागे एक उभे होते. त्यांच्यामधून वाट काढताना तिच्या कानावर तो गोंगाट आला: ताटं, डबे, पत्र्याची बादली, बाकांवर आपटणाऱ्या पट्ट्या. तिने पाय उचलले. कुंपणाच्या फटीतून पाहिलं तर अर्धा वर्ग बेभान होऊन ताटं बडवत होता आणि खेळाच्या नव्या जाहिदा मॅडम भाविकासमोर वाकल्या होत्या. त्यांनी हात पुढे केला. मशीन कानातून निघालं, कंपासपेटीत गेलं.

बहिऱ्या पोरीभोवती ताटं वाजवतात. आक्कांचं खरं होतं तर.

ती फाटक ढकलून आत शिरली. शब्द ओठांवर तयार होते. पण तिच्याकडे कोणी वळलंच नाही. मैदानावर मुलं लांब लांब अंतरावर एका रांगेत उभी होती. टोकाला भाविका. तिने दोन बोटं एकमेकांत अडकवून धागा तुटल्यासारखी झटक्याने सोडवली, मग लाल रंगासाठी ओठांना हात लावला. पुढच्या मुलाने तेच पुढे केलं, त्याच्या पुढच्या मुलीनेही. शेवटी पायाला कॅलिपर लावलेली अक्सा खुर्चीत बसली होती. तिने टोपलीतून सुताची लाल कांडी उचलून उंच धरली. रांग उड्या मारू लागली. भाविकाचे हात वाऱ्यावर असल्यासारखे चालले होते. या हातांना इतकं काही म्हणायचं होतं, हे रंजिताला आजवर कुठे दिसलं होतं?

तेवढ्यात अक्साची नजर फाटकाकडे गेली. तिने हनुवटीखाली मूठ धरून खाली ओढली, लांब दाढीसारखी. लूमवरची जुनी खूण: मालक आला!

रंजिताचा हात आपोआप वर गेला. मालक नाही, डबा आणलाय. लहानपणी बापाच्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्याच्या दारात उभी राहून, त्या खडखडाटात, ती रोज असंच हातांनी सांगायची.

ताटं एकेक करून थांबली. मग सगळी मुलं खदखदून हसली.

"काकीला येतंय! मॅडम, काकीला येतंय!"

"अगं बाई, तुम्ही पण लूमवाल्यांच्याच का?" जाहिदा मॅडम हसत पुढे आल्या. "आमचा 'चालू लूम' आहे हा. पोरांनीच घरून आणलाय. निम्म्यांनी गोंगाट करायचा, निम्म्यांनी हातांनी निरोप पोचवायचा. तोंड उघडलं की बाद. हिला मशीनमधून तो आवाज सोसत नाही, म्हणून स्वतःच काढायला सांगते. काढू नको का?"

ओठांवर आणलेलं सगळं रंजिताने गिळलं. "नाही... म्हणजे, तसं काही नाही," ती म्हणाली.

भाविका पळत आली होती, धापा टाकत. रंजिताने कंपासपेटीतून मशीन काढून तिच्या कानाशी नेलं. भाविकाने मान बाजूला घेतली. ती आईच्या तोंडाकडे बघतच नव्हती, हातांकडे बघत होती.

"तुला येत होतं?" तिने तोंडाने एकेक शब्द जोडत विचारलं. "मग माझ्याशी का नाही बोललीस?"