सोनमचा डावा डोळा

डोळे तपासायचा तक्ता अजून पुरुषोत्तम गुरुजींच्या काखेत गुंडाळलेलाच होता. गेल्या खेपेचा खिळा कुणीतरी उपटून नेला होता आणि नवा खिळा ठोकायला ते भिंतीवर जागा चाचपत होते. त्यांच्या मागे, फरशीवर खडूने मारलेल्या रेघेवर सोनम उभी होती. उजव्या डोळ्यावर तळहात घट्ट दाबलेला, डावा टक्क उघडा. तिला कसला धीर निघतोय! हाताने दिशा दाखवत तिने सुरुवातच करून टाकली.

"उजवीकडं. खाली. वर. डावीकडं. परत खाली..."

वर्गातली पोरे खदखदून हसली. गुरुजीही हसले. "अगं थांब की जरा! अजून लावलाय कुठं तक्ता?"

"मला येतंय अज्जा," असे या आजोबांना सांगून सोनम थेट शेवटच्या बारीक ओळीपर्यंत जाऊन पोहोचली. एकही चूक नाही.

गुरुजी हसतच वळले, आणि तिच्या नजरेच्या रोखाने त्यांनी भिंतीकडे पाहिले. समोर पोपडे धरलेला चुना होता. बाकी काही नव्हते.

त्यांनी खिळा ठोकला. एक घाव बोटावर बसला. मग त्यांनी तक्ता उलगडला आणि उलटा टांगला. डोके खाली, पाय वर.

ज्या मुलांना अजून अक्षरे येत नाहीत त्यांच्यासाठी हा तक्ता असतो. त्यावर एकच खूण, तीन दातांच्या कंगव्यासारखी, कधी इकडे तोंड केलेली, कधी तिकडे. सर्वांत वर तळहाताएवढी मोठी, सर्वांत खाली मुंगीएवढी. दात कुठल्या बाजूला आहेत ते मुलाने हाताने दाखवायचे.

"हां, आता वाच बघू," गुरुजी म्हणाले.

सोनमने पुन्हा तेच म्हटले. त्याच क्रमाने, त्याच ठेक्यात. तिचे प्रत्येक उत्तर चुकत होते. आणि वरची ओळ आता मुंगीएवढी झाली आहे, मोठा कंगवा तळाला गेला आहे, हेही तिच्या ध्यानात आले नव्हते.

गुरुजी तिच्यासमोर उकिडवे बसले. हातभर अंतरावर त्यांनी तीन बोटे धरली. "किती?"

सोनमने मान तिरकी केली. "अज्जा, हात हाय. बोटं कशी मोजू?"

"कधीपासनं असं दिसतंय गं तुला?"

"असंच असतंय की," ती समजावणीच्या सुरात म्हणाली. जणू आज गुरुजींनाच धडा येत नव्हता. "उजव्यानं बघायचं. डावा नुस्ता सोबतीला."

गुरुजींनी उरलेल्या मुलांना मैदानात सोडले आणि तक्ता उतरवून पुन्हा गुंडाळला.

निपाणीजवळच्या एका गावात त्यांनी छत्तीस वर्षे पहिली-दुसरीचे वर्ग सांभाळले होते. बायको गेल्यावर मुलाने त्यांना कर्नाटकच्या राजधानीत, सर्जापूर रोडवरच्या एका इमारतीच्या अकराव्या मजल्यावर आणून ठेवले. तिथून मुले दिसत, पण खेळण्यातल्या बाहुल्यांएवढी. एका संस्थेची माणसे सरकारी शाळांत जाऊन मुलांचे डोळे, कान, दात, वजन तपासतात आणि गरज पडली तर दवाखान्यात नेतात, हे कळले तेव्हा गुरुजी बसवनगुडीतल्या कचेरीत आपण होऊन जाऊन उभे राहिले. मराठी आणि कन्नड दोन्ही येणारा, मुलांत रमणारा म्हातारा माणूस. संस्थेने त्यांना एक दिवस शिकवले, हातात पुस्तिका दिली आणि अकरा शाळांचे डोळे त्यांच्यावर सोपवले.

पुस्तिकेत लिहिले होते, वाट पाहणारी मुले खोलीबाहेर ठेवावीत. गुरुजींनी ते वाचलेही होते. पण पहिल्याच शाळेत पोरे सुई टोचतील या भीतीने भोकाड पसरायला लागली. गुरुजींना ते बघवेना. त्यांनी सगळ्यांना आत घेतले, तक्त्यासमोर मांडी घालून बसवले आणि त्याचा खेळ केला. कंगव्याचे दात कुठे? सगळे हात वर! रडणारी पोरे हसू लागली. पहिलीतली सोनम सगळ्यांत चुणचुणीत, म्हणून तिच्या हातात छडी दिली. ती एकेका खुणेवर छडी ठेवी आणि वर्ग ओरडे. शेजारच्या शाळेतल्या बाई मुद्दाम बघायला आल्या होत्या.

तेव्हा सोनम सहा वर्षांची होती. आता नऊ पुरी झाली होती. तीन वर्षे, तीन तपासण्या. तिन्ही वेळा तिच्या नावापुढे गुरुजींच्या वळणदार अक्षरात लिहिलेले होते : दोन्ही डोळे उत्तम.

दवाखान्यात चंद्राबाई कामाच्या निळ्या कोटातच आली. ही सोनमची आई. एका मोठ्या सोसायटीत झाडलोट करी. नवरा मल्लाप्पा फरशी बसवायच्या कामावर होसूरला गेलेला. बिदरकडच्या भालकीचे हे घर. घरात मराठी बोलणारे. चंद्राबाईचे कन्नड बाजारापुरते होते आणि डॉक्टर तरुण, म्हैसूरकडचा, भरभर बोलणारा. त्यामुळे मधले दुभाषीपण गुरुजींकडे आले.

डॉक्टर कन्नडमध्ये बोलत होता आणि गुरुजी एकेक वाक्य मराठीत आणत होते.

"डोळ्याला बाहेरून काही झालेलं नाही म्हणतात. पण जन्मापासनं या डोळ्याचा नंबर फार मोठा आहे."

"मंग चष्मा लावा की," चंद्राबाई म्हणाली.

"चष्मा देणार आहेत. पण इतकी वर्षं या डोळ्यानं धड चित्र दिलं न्हाई, म्हणून मेंदूनं त्याच्याकडं बघणंच सोडलं. आता चांगल्या डोळ्यावर पट्टी लावून याला कामाला लावायचं. बघू म्हणतात. फार आशा धरू नका म्हणतात."

मग डॉक्टर आणखी एक वाक्य बोलला. हात हवेत जरा उंचावून, लहान मुलाची उंची दाखवत. सहा वर्षांची असताना आणली असती तर हा डोळा बहुतेक पूर्ण वाचला असता. शाळेत कुणी तपासलं नव्हतं का?

"काय म्हनले?" चंद्राबाईने विचारले.

गुरुजींनी चष्म्याची चिठ्ठी उचलून तिची घडी घातली. "धाकटी कोणी असेल तर तिचेही डोळे दाखवून घ्या म्हणतात," ते म्हणाले. डॉक्टर तेही बोलला होता, पण आधी.

"तुम्ही हाय म्हनून बरं हाय मास्तर," चंद्राबाई उठता उठता म्हणाली. "न्हाई तर आमाला कवा कळलं असतं?"

दुसऱ्या दिवशी गुरुजी बसवनगुडीच्या कचेरीत गेले. मैत्रेयी तिथली समन्वयक. मूळची पुण्याची, कंपनीतली नोकरी सोडून या कामात आलेली, कष्टाळू मुलगी. तिने सगळे ऐकून घेतले, मग खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.

"काका, तुम्ही स्वतःला ब्लेम करू नका हं. असं होतं कधीकधी. आपण रेकॉर्डमध्ये 'नंतर उद्भवलेला दोष' असं टाकू."

"जन्मापासनं आहे गं तो."

"हो, पण ते कोण बघणारे?" हे बोलून तीच ओशाळली. "काका, तसं नाही... म्हणजे, प्लीज समजून घ्या. हे बाहेर पडलं तर तीन वर्षांचं सगळं स्क्रीनिंग खोटं ठरेल."

"सगळं न्हाई," गुरुजी म्हणाले. "पण त्यातलं कुठलं खोटं, ते मला सांगता येत न्हाई. मी अकराही शाळांत असंच शिकवलंय. पोरांना तक्ता पाठ आहे, मैत्रेयी. पहिलीतली पोरं सहा वर्षांची आहेत. त्यांच्यात अशी एखादी असली तर तिला अजून वेळ आहे. सगळी परत तपासायला पाहिजेत. नवे तक्ते घेऊन. आणि मुलं बाहेर ठेवून."

मैत्रेयीने शाळांची यादी पुढ्यात ओढली. ती म्हणाली, "सोमवारपासून दोघी जणी पाठवते. पण काका... तुम्ही सध्या घरी थांबा. वरून विचारतील मला."

"विचारणारच. सांग की खरं."

गुरुजींनी गळ्यातले ओळखपत्र काढून टेबलावर ठेवले, तक्त्यांची पिशवी खुर्चीला टेकवली. मैत्रेयीने ती लगेच उचलली नाही. ते जिना उतरून जाईपर्यंत पिशवी तिथेच होती.

तिथून गुरुजी दोन बसगाड्या बदलून चंद्राबाईच्या खोलीवर गेले. एका रिकाम्या प्लॉटवर पत्र्याच्या बारा खोल्या होत्या, तिची शेवटची. ती नुकतीच कामावरून आली होती आणि सुपात तांदूळ निवडत होती. चार वर्षांची धाकटी गौरी तिच्या मांडीला रेलली होती. सोनम दवाखान्याने कालच दिलेला नवा चष्मा घालून, उजव्या डोळ्यावर पांढरी पट्टी लावून भिंतीशी बसली होती. आई ओरडेल म्हणून ती पट्टीला हात लावत नव्हती, पण समोर ठेवलेली पेन्सिल तिला सापडत नव्हती.

"या मास्तर. च्या टाकते."

"नको. आधी बसा. डॉक्टरांचं एक वाक्य मी तुम्हाला सांगितलं न्हाई. ते सांगायला आलोय."

आणि त्यांनी सांगितले. वर्गात अवघड गोष्ट सांगावी तसे, सावकाश, काही न गाळता. तक्ता कसा असतो, तो कसा तपासायचा असतो, त्यांनी कसा शिकवला. डॉक्टरांनी हवेत दाखवलेली उंचीही त्यांनी हाताने दाखवली.

चंद्राबाईची बोटे तांदळात थांबली.

"म्हंजे तवाच कळलं असतं?"

"व्हय."

"अन् डोळा ऱ्हायला असता?"

"बहुतेक."

तिने सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. आवाज चढवेल, शिव्या देईल, असे गुरुजींना वाटले. तसे झाले असते तर बरे झाले असते.

"मी दर साली इचारायची हिला," ती म्हणाली. "काय म्हनले गं मास्तर? ही म्हनायची, शाब्बास म्हनले. मी कामावर सगळ्या बायांना सांगायची. माज्या पोरीला मास्तरानं छडी दिलीया म्हनून."

गुरुजींनी मान खाली घातली.

चंद्राबाईने सूप बाजूला सारले. गौरीला उठवून पुढ्यात उभी केली.

"हिचं बघा."

"मी न्हाई, बाई. सोमवारी दोघी जणी येणार आहेत शाळेवर, तिथं हिला..."

"सोमवारपतोर मी काय करू? निजू कशी?" आता तिचा आवाज फाटला. "तुमाला येतंय न्हवं? मंग बघा. पन डोळ्यावर हात माजा ऱ्हाईल. तुमचा न्हाई."

गुरुजींनी सोनमच्या वहीतले एक पान मागून घेतले. त्यावर पेनाने एकच कंगवा काढला, ठसठशीत. सोनम भिंतीला धरून उठली.

"अज्जा, मी शिकवू तिला? मला समदं येतंय!"

"नको," गुरुजी म्हणाले. "तू बाहेर जाऊन बस, पोरी."

आजवर त्यांनी कुणाही मुलाला वर्गाबाहेर घालवले नव्हते. सोनम एका हाताने दार चाचपत बाहेर गेली. गुरुजींनी तिच्या मागे दार ओढून घेतले.

जवळ बसून, दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यांनी गौरीला एवढेच दाखवले, की कागदावरचा कंगवा जिकडे बघतो तिकडे आपला हात करायचा. तिला ते पटकन कळले. मग ते खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेले. चंद्राबाईने लेकीच्या उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला. त्या हाताला फिनाइलचा वास होता. गौरीने नाक मुरडले.

गुरुजींनी कागद पाठीमागे नेला, दोनदा फिरवला आणि समोर धरला.

गौरी बघत राहिली. तिचा हात अर्धा उचलला गेला, थबकला आणि खाली आला. तिने वर आईच्या तोंडाकडे पाहायचा प्रयत्न केला. चंद्राबाईचे ओठ हलू पाहत होते. तिने ते दातांखाली दाबून धरले. मग गौरीने गुरुजींकडे पाहिले. उत्तर अडलेले मूल मास्तरकडे पाहते तसे.

गुरुजींनी चेहरा हलू दिला नाही. कागद धरून ते उभे राहिले. बाहेर पत्र्याला टेकून बसलेल्या सोनमचा श्वासही आत ऐकू येत होता. या वेळी ते गौरीला काही सुचवणार नव्हते.