रेडिएटरातला सुस्कारा

तोतुयाच्या घरात त्या दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. डोंगरातल्या नारीन गावच्या कडाक्याच्या थंडीत अख्खी गल्ली आत दाटली होती आणि श्वास रोखून खोली तापवणाऱ्या एका रेडिएटरकडे बघत होती. झाडफूक करणाऱ्या काल्बूबूने डोळे मिटले, जपमाळ धरलेली मूठ लोखंडाच्या वरच्या टोकाशी नेली आणि गरजली, "ये बाबा, बाहेर ये!"

स्स्स्स... लांबलचक सुस्कारा निघाला. बायकांनी दुआ मागत चेहऱ्यावरून तळवे फिरवले. घटकाभरात गार रेडिएटर हाताला चटके देऊ लागला.

"पाहिलंत? म्हातारा घरातच अडकलाय. म्हणून तर नळ्यांत गुडगुडतो!"

म्हातारा म्हणजे तोतुयाचा नवरा, साग्यनबेक. पानगळीत वारला, आणि थोड्याच दिवसांत त्याची खोली गार पडली. मुलगा परदेशी कामाला होता, घरात तोतुया आणि सून सायकाल दोघीच. तळघरातला बंब पोतंभर कोळसा खायचा, पण गरम पाणी त्या खोलीत पोचायचंच नाही. तोतुयाने दर गुरुवारी तेलात कणकेचे बोर्सोक तळून त्याचा वास नवऱ्याला पोचवला. मेंढाही कापला. काल्बूबू येऊन गेली की खोली तापायची, चार दिवसांत पुन्हा गार. तोतुया जन्मभर दवाखान्यात नर्स होती. थर्मामीटर लावल्याशिवाय तिने कुणाचा ताप मानला नव्हता. पण मेलेला नवरा जवळच आहे म्हटल्यावर तिने अक्कल गहाण टाकली.

आज काल्बूबूने शेवटचा उपाय सांगितला. "सून पांढऱ्या पायाची आहे. तिला माहेरी धाडा, म्हातारा सुटेल."

तोतुयाने भर गर्दीत मान डोलावली. "सायकाल, उद्या आईबापाकडे जा."

चहा ओतणाऱ्या सुनेचा हात थांबला. "जाते, आपा. फक्त या आजींना एकदा मोकळ्या हाताने मंत्र म्हणायला सांगा. माळ माझ्याकडे द्या म्हणावं."

"काल आलेली पोर मला शिकवते? आत्मा कोपेल!"

"कोपू दे की. नाहीतरी बाहेरच बोलावताय त्याला."

कुणीतरी फिसकन हसलं. तोतुयातली जुनी नर्स जागी झाली. ती म्हणाली, "मूठ उघड, बूबू."

मण्यांच्या आड छोटीशी पितळी चावी होती. सायकालने ती उचलली, शेजारच्या खोलीतल्या रेडिएटरच्या टोकावरच्या बारीक खिळीला लावली आणि फिरवली. स्स्स्स!

"इथे तर कुणी मेलं नाही. इथे मी झोपते," ती म्हणाली. "ही हवा आहे, आपा. सासरे दर आठवड्याला बादली घेऊन माळ्यावर चढायचे आणि टाकी भरायचे. ते गेले, टाकी आटली, नळ्यांत हवा शिरली. हवा अडली की गरम पाणी पुढे सरकत नाही. हवा सोडली की तापतं, पण पाणी आणखी खाली उतरतं आणि पुन्हा तेच."

"मग तू का नाही भरलीस?"

"सुनेनं सासऱ्याच्या खोलीच्या डोक्यावर चढायचं नसतं, असं तुम्हीच म्हणालात. पहिल्या बर्फातच सांगितलं होतं मी तुम्हाला. 'सुनेला तोंड नसतं,' एवढंच बोललात."

तोतुयाला सगळं आठवलं, शब्दन् शब्द. शरमेने तिचे कान तापले. ती उठली, बादली भरली आणि गुडघे धरत शिडी चढली. टाकीत पाणी ओतलं तेव्हा ते खळखळत खाली गेलं. खाली सायकालने चावी फिरवून पाण्याचा थेंब येईपर्यंत हवा सोडली.

लोक निघाले होते, काल्बूबू सर्वांत पुढे. तोतुया दारात आडवी आली.

"थांबा. हिला तुमच्यादेखत काढलं, तर हेही तुमच्यादेखतच. बूबू लबाड आहे, पण तिला घरात मी घेतलं. घर गार पडलं तर टाकी बघा, नळी बघा, कळत नसेल तर जाणत्याला विचारा. सुनेचे पाय बघू नका." मग ती वळली. "चुकले गं, पोरी."

सायकालने चावी तिच्या हातावर ठेवली. "मी उद्या जाणारच आहे, आपा. परत यायचं का, ते तिकडे गेल्यावर ठरवीन."

अडवायचा हक्क आपणच घालवला, हे तोतुयाला कळत होतं. मान वर करायची लाज वाटत होती. तरी सगळ्या गल्लीसमोर ती म्हणाली, "ये गं परत."