यादीतली शेवटची ओळ

यादीतून खोबरं खोडलं त्या संध्याकाळी आईचा डावा हात दिसेनासा झाला. हात होता, कणीक मळली जात होती, बांगड्या वाजत होत्या. फक्त दिसत नव्हता. बाबांनी ते पाहिलं आणि पोळ्या मऊ झाल्यात म्हणाले.

महिन्याच्या वाणसामानाची यादी आमच्याकडे मी लिहिते, कारण माझं अक्षर बरं आहे. स्वयंपाकघरात आईशेजारी बसून लिहायची आणि सुरुवात हळदीने करायची, ही तिची पद्धत. बाबांच्या छापखान्यातलं काम निम्म्यावर आल्यापासून यादी साडेतीन हजारांत बसवावी लागते. दर महिन्याला ती थोडी बाहेर जाते आणि दर महिन्याला आई म्हणते, "हे काढ, मला तसंही आवडत नाही." मग मी रेघ मारते. माझ्या रेघा सरळ येतात याचं तेव्हा मला कौतुक वाटायचं.

पोह्यांबरोबर खांदे गेले. पोह्यांनी तिला जळजळतं म्हणे. चहा ती सोडणारच होती. त्याच्याबरोबर चेहरा गेला. अंगाला साबण नको, डाळीचं पीठ पुरे असं ठरलं आणि पुढच्या महिन्यात पीठही खोडलं, तेव्हा साडीसुद्धा दिसेना. उरला बांगड्यांचा आवाज आणि तिचं "जेवून घ्या". माझ्या धाकट्या भावाची, हर्षदची शेव मात्र यादीतून कधी निघाली नाही. माझे खारे शेंगदाणेही नाहीत.

बाबा मला घेऊन दोशीशेठच्या किराणा दुकानात गेले. शेठना नवल वाटलं नाही.

"वहिनींना आवडतं ते यादीत लिहा," ते म्हणाले. "तेवढं घरी नेलं की माणूस परत येतो."

मी घरी येऊन आईला विचारलं. ती म्हणाली, मला काय, काहीही चालतं. मी परत जाऊन शेठना तसं सांगितलं.

"काहीही माझ्याकडे मिळत नाही," शेठ म्हणाले. "नाव लागतं."

मग आम्ही तिघं बसलो. हर्षद म्हणाला, शेव. मी म्हटलं, शेव तुला आवडते. बाबांनी खजूर सुचवला, पण खजूर त्यांचा होता. मी खोबऱ्याच्या वड्या म्हटलं आणि लगेच मागे घेतलं, कारण वड्या मी खायची आणि ती कढई खरवडायची.  एकवीस वर्षांत मी विचारलंच नाही, बाबा म्हणाले. मला रडू आलं. आतून आवाज आला, जेवून घ्या.

शेवटी बाबांनी घड्याळ विकलं आणि दुकानातल्या प्रत्येक जिनसाची पन्नास पन्नास ग्रॅमची पुडी आणली. पुड्या आम्ही ओट्यावर ओळीने मांडल्या. सकाळी त्यांतलं सगळं आमच्या तिघांच्या जेवणाच्या डब्यांत भरलेलं होतं.

आज पहिली तारीख. मी स्वयंपाकघरात बसून हळदीपासून यादी लिहिली. खाली "आईसाठी" असं लिहून पुढची जागा मोकळी सोडली, कागद पोळपाटाशेजारी ठेवला आणि पेन्सिल त्यावर ठेवली.

"तूच लिही," मी म्हटलं. "जे असेल ते आणू."

लाटणं थांबलं. बांगड्या किणकिणल्या आणि पेन्सिल उचलली गेली. मोकळ्या जागेवर ती इतका वेळ थांबली की दारात उभे असलेले बाबा आत येऊन माझ्यामागे बसले. मग तिने एक लहानशी उभी रेघ काढली. अक्षर सुरू होताना काढतात तशी. मला इतका आनंद झाला की मी हर्षदला हाक मारली.

हर्षद धावत आला. पेन्सिल वर गेली, त्याच्या शेवेपुढचं पाव किलो खोडून तिने अर्धा किलो केलं. मग खाली येऊन "आईसाठी" या शब्दावरून, त्या उभ्या रेघेवरूनही, एक सरळ रेघ मारली.

बांगड्या थांबल्या. तवा तापला होता. पोळपाटावरची पोळी अर्धीच लाटलेली होती आणि लाटणं हळूहळू कडेकडे गडगडत चाललं होतं.