एकच खुंटी

टिटवीने डाव्या बुटाची नाडी सोडून तिसऱ्यांदा बांधली. पंखा बंद होता, तरी बोटं गारठून नीट वळत नव्हती. तिने हात चटकन मांड्यांखाली दडवले.

एकोणीस दिवस! बाहेरून कडी असलेली विलगीकरणाची खोली, न उघडणारी खिडकी, आणि भिंतीवर आधीच्या कुणा पेशंटने नखाने ओढलेल्या रेघा. घरी तेरा दिवसांचा भाऊ होता. त्याचे कान कुणावर गेलेत यावरून तिने फोनवर सगळ्यांशी भांडून घेतलं होतं, त्याला एकदाही न बघता.

कडी वाजली. तिची सख्खी मावशी आत आली. खालच्या प्रयोगशाळेत टिटवीचं रक्त तीच तपासायची. हातात कागद होता आणि आनंद तोंडावर मावत नव्हता.

"सुटलीस, भवाने! डॉक्टरांची सही तेवढी राहिलीय. तुझ्या बडबडीला कंटाळून जंतू पळाले."

"कशावरून?"

"तुझ्या रक्तात जंतूंना पकडणारं सीरम थेंबभर टाकलं. जंतू असते तर चिकटून गुठळ्या झाल्या असत्या. औषधालाही एक नाही!"

टिटवी हसली. पण गप्प बसणं तिला जन्मात जमलं नव्हतं.

"मग मागच्या वेळी ताप गेला नि परत का आला गं?"

"जातच लबाड मेल्यांची. एकेकाच्या पेटीत तीस-तीस कोटांची जनुकं, पण खुंटी एकच. खुंटीवर येईल तेच जनुक चालू, तोच कोट अंगावर. आपलं शरीर तो कोट ओळखायला शिकतं, तोवर एखादा बेटा खुंटीवर दुसराच अडकवतो."

"आणि तुझं सीरम कशाचं?"

"तुझ्याच पहिल्या तापानंतरच्या रक्ताचं. म्हणून तर..."

मावशीने हातातल्या कागदाकडे पाहिलं.

"म्हणजे ते पहिलाच कोट ओळखतं," टिटवी हळूच म्हणाली.

मावशीने कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली. "तुला... बरं वाटतंय ना?"

खालून बाबांच्या गाडीचा हॉर्न आला, दोनदा. दार सताड उघडं होतं. जिना बारा पावलांवर.

टिटवी वाकली. नाड्या या वेळी एका झटक्यात सुटल्या. दोन्ही बूट तिने पलंगाखाली सरकवले आणि बाही वर केली.

"माझा हात गारठलाय, मागच्या तापाआधी गारठला होता तसाच. दचकू नकोस. आणि आता गुठळ्या शोधत बसू नकोस, सूक्ष्मदर्शकातून नुसतं जंतू दिसतात का बघ."

मावशी सुई घेऊन जवळ बसली.

"जाताना कडी लाव हं," टिटवी म्हणाली.