एक पांढरा, एक निळा

मित्रांनो, मी एक जुना कॅनव्हासचा बूट आहे, आणि तोही डावा. जुळा भाऊ उजवा असला की काय काय ऐकून घ्यावे लागते, ते मला विचारा! पण आज रडगाणे गाणार नाही. आज मी माझा विजय सांगणार आहे.

आमचे घराणे खेळाडूंचे. वर जाड सुती कापड, खाली रबर, एवढीच आमची श्रीमंती. रबरामुळे पावले वाजत नाहीत, म्हणून इंग्रजीत आमचे नाव पडले स्नीकर, म्हणजे चोरपावलांनी चालणारे. चोरी कधी केली नाही, नाव मात्र चिकटले. पुढे मैदान सोडून आम्ही गाणाऱ्यांच्या, चित्रकारांच्या, कॉलेजातल्या पोरापोरींच्या पायांत शिरलो. चामड्याचे बूट नाके मुरडत राहिले आणि आम्ही फॅशन झालो.

मला दुकानातून आणले ते या घरातल्या आत्याने. ती बास्केटबॉल खेळायची. तिच्या प्रत्येक उडीला टाळ्या पडत, आणि त्यातल्या निम्म्या माझ्या असे मी धरून चालायचो. मग तिचा गुडघा दुखावला आणि आम्ही माळ्यावर गेलो. तिथे धूळ खात पडलो. फार वाईट वाटायचे.

एके दिवशी तिच्या भाचीने आम्हाला खाली काढले. ती शिवणकाम शिकत होती. शेवटच्या प्रदर्शनात स्वतः शिवलेला पोशाख घालून चालून दाखवायचे होते, आणि पहिली येईल तिला नाटक कंपनीच्या कपडेपटात काम मिळणार होते. त्या कामासाठी तिचा जीव टांगणीला लागला होता. उंच टाचांच्या सँडलवर तिचा तोल जाई. तिच्या पांढऱ्या झग्याखाली आम्हीच शोभणार होतो.

तिचे बाबा भारी उत्साही. "आण इकडे, बगळ्यासारखे पांढरे करून देतो!" म्हणत त्यांनी बादलीत नीळ कालवली. दोन थेंब पुरतात, त्यांनी अर्धी बाटली ओतली. मला आधी बुडवले, तेवढ्यात मित्राचा फोन आला आणि गप्पा रंगल्या. मी बाहेर आलो तो निळाशार!

"बाबा, उद्या प्रदर्शन आहे हो! आता मी घालू काय?" भाची रडकुंडीला आली.

आत्या लंगडत आली. मला उलटसुलट करून पाहिले. "रडतेस काय? नीळ आहे ना अजून बादलीत? मग झग्याची डावी बाही पण बुडव."

"आत्या, अख्खा झगा बिघडेल गं!"

"बिघडला तर माझ्या नावाने खडे फोड."

भाचीने डोळे मिटले आणि बाही बुडवली.

दुसऱ्या दिवशी ती ताठ मानेने चालली. तोल जरासुद्धा गेला नाही. परीक्षक बाई चष्मा सावरत खाली वाकल्या. "हा रंग कुठून आणलास?"

"आमच्या बादलीतून," ती म्हणाली.

आधी हशा पिकला, मग टाळ्यांचा कडकडाट झाला. काम तिलाच मिळाले! बाबा भेटेल त्याला सांगत सुटले, "कल्पना मुळात माझीच."

मित्रांनो, बूट मळला म्हणून टाकू नका. हलक्या हाताने धुवा, जीभ बाहेर ओढून सावलीत वाळवा. तुम्ही जीभ काढलीत तर ओरडा बसेल, आम्हाला मुभा आहे.

कामाच्या पहिल्या दिवशी बाबांनी नव्या बुटांचा खोका पुढे केला. भाचीने तो आत्याच्या हातात दिला. "हे तू घाल आणि माझ्याबरोबर चल. मी आपले हेच घालते," म्हणाली, आणि खाली बसून तिने आधी माझी लेस बांधली.