सारजाबाईंची वाट

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. कॉम्प्युटरचा मोठा डबा उघडला की आत एका कोपऱ्यात, पाठीला चपटी वायर अडकवलेली, तळहाताएवढी लोखंडी डबी दिसते ना, ती मी. माझ्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. कौतुक सगळं पडद्याचं. पण तुम्ही जे लिहिता, काढता, जपून ठेवता, ते सगळं माझ्या पोटात असतं. कॉम्प्युटरनं जागं कसं व्हायचं हेसुद्धा मलाच ठाऊक असतं. हे मी फुशारकीनं सांगत नाही. बरं, थोडं फुशारकीनंच सांगते.

मला झोप फार. बटण बंद झालं की माझ्या आतली चकती गरगरायची थांबते आणि मी स्वप्नात जाते. बटण दाबलं की मला सगळ्यात आधी ढग दिसतात. निळं आभाळ आणि पांढरे ढग. माझ्यातली विंडोज पंच्याण्णव सुरू होताना पडद्यावर तेच दाखवते. मग हळूहळू बाकीचं जग उगवतं. त्यामुळे स्वप्न कुठं संपलं आणि जाग कुठं आली, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या कुठल्याशा कारखान्यातला. तिथलं मला पांढरा उजेड आणि हातमोजे घातलेली बोटं एवढंच आठवतं. शहाण्णव साली मी भवानीनगरला आले, प्रतिक्षाच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये. घराचीच पुढची खोली, एक टेबल, दोन बाकडी. प्रतिक्षाचे मालक, म्हणजे नवरा, दादासाहेब साखर कारखान्यात ऊस मोजायच्या काट्यावर होते. गाळप सुरू झालं की त्यांच्या अंगाला मळीचा वास यायचा आणि ते दारातूनच विचारायचे, "काय, चाललंय का तुमचं यंत्र?" आम्ही दोघी कामात असायचो. कोण उत्तर देणार?

ते दिवस फार चांगले होते. जवळच्या कळस गावाहून सायकलवर मुली यायच्या, एकेक बोट शोधत आपलं नाव टाइप करायच्या आणि ते पडद्यावर उमटलं की एकमेकींना कोपरानं ढोसायच्या. मी ती सगळी नावं सांभाळून ठेवली.

दुपारी क्लास रिकामा झाला की दादासाहेबांची आई, सारजाबाई, भाकरी घेऊन येत. त्या प्रतिक्षाच्या सख्ख्या आत्या आणि आता सासूही. त्यांचं गाव लोणी भापकर. उभं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. दिवाळी झाली की घोड्यावर संसार लादून कोकणात उतरायचं आणि पाऊस यायच्या आधी परत फिरायचं. आता मालक राहिले नव्हते, मेंढरं विकली होती, आणि सारजाबाईंना सिमेंटच्या खोलीत करमत नव्हतं.

एकदा प्रतिक्षानं सहज चित्र काढायची पाटी उघडली होती. सारजाबाई मागून बघत होत्या.

"ह्यात मेंढरं काढता येत्यात का गं?"

"येत्यात की आत्या. ह्यो फवारा घ्या आन् दाबा."

सारजाबाईंनी माउस कोकराच्या मानेवर हात ठेवावा तसा हलकेच धरला. पांढरा फवारा मारला. ठिपक्यांचा एक पुंजका उमटला, हलवला तसा पुढं सरकला, आणि खरोखर मेंढरं चालल्यासारखी दिसायला लागली. त्या दिवशी भाकरी तशीच राहिली.

त्यानंतर रोज दुपारी त्या वाट काढायच्या. लोणी भापकरपासून निघालेली, जेजुरीच्या अंगानं, भोरवरून, वरंध घाट उतरून पार महाडपर्यंत गेलेली. कुठं पाणी, कुठं बाभळीचं बन, कुठं वाडा पडायचा म्हणजे मेंढरं बसवून मुक्काम व्हायचा. लिहिता येत नसल्यामुळे नाव एकाही जागेचं नव्हतं. नुसते रंग. कागद संपला की प्रतिक्षा कोपरा ओढून तो वाढवून द्यायची. वाढता वाढता चित्र इतकं मोठं झालं की ते फ्लॉपीत मावेना. "बघू आत्या, काढू काहीतरी मार्ग," असं प्रतिक्षा म्हणायची. तोवर ते फक्त माझ्यापाशी होतं. मला त्याचा अभिमान वाटायचा. झोपेत मी त्याच वाटेनं चालायचे, आणि पुढं घोड्याच्या गळ्यातली घंटा वाजायची.

सारजाबाईंना घाई होती. डोळ्यांत काचबिंदू उतरला होता. बारामतीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की गेलेली नजर परत यायची नाही, आहे ती टिकवायची. त्या म्हणायच्या, "दिसतंय तवर काढून ठिवते. दादा त्याच वाटंवर झालाय, घाटाच्या पायथ्याला, वढ्याच्या काठी. माझ्यामागं त्येला ती जागा कोण दावणार?" दादासाहेब लहानपणीच शाळेसाठी मामाकडे राहिले होते. त्या वाटेनं ते पुन्हा कधी गेलेच नव्हते.

चित्र पुरं झालं तेव्हा सारजाबाईंना माणसं सावलीसारखी दिसायला लागली होती.

मग अठ्ठ्याण्णव सालची खंडेनवमी आली. त्या दिवशी आपल्याकडे विळा, कोयता, ट्रॅक्टर, मोटर, सगळ्यांना हळदकुंकू लागतं. कॉम्प्युटर कसा सुटेल? उन्हाळ्यात आतलं तापतं म्हणून डब्याचं झाकण चैतातच काढून ठेवलं होतं, ते परत कोणी लावलंच नव्हतं. प्रतिक्षा यंत्र बंद करायला निघाली तर सारजाबाई म्हणाल्या, "बंद यंत्राची कसली पूजा? चालू ऱ्हाऊ दे. माझी मेंढरं ठिव म्होरं. आन् त्या वढ्याला मागं निळा कमी पडला हुता, वाईच भर."

प्रतिक्षानं ओढ्यात निळा भरला आणि चित्र जपून ठेवायचा हुकूम मला दिला. मी लिहायला घेतलं. एवढ्यात सारजाबाईंनी बिरोबाच्या नावानं चांगभलं म्हणत मूठभर भंडारा उधळला. आणि ट्रॅक्टरच्या लोखंडावर फोडतात तसा, मोठ्या मायेनं, नारळ डब्याच्या कडेवर फोडला.

पाणी थेट मदरबोर्डवर गेलं. काहीतरी चरचरलं. मी चित्राच्या अर्ध्यावर होते. पुढचं मला आठवत नाही. सगळीकडे पिवळा पिवळा भंडारा तरंगत होता आणि मी त्यातून खोल खोल चालले होते.

जाग नव्हती, तरी बोलणं कानावर येत होतं.

"माझ्याच हातानं झालं गं."

"आत्या, डबा गेलाय निस्ता. डिस्क हाय. समदं डिस्कमदी असतंय."

"मेंढरं बी?"

प्रतिक्षा माझी वायर सोडवायला लागली. चित्र लिहून होत होतं तेव्हाच वीज तुटली, हे तिला माहीत होतं. ते वाचलं का नाही, हे मला उघडून बघितल्याशिवाय कोणालाच कळणार नव्हतं. खरं सांगते, मलाही माहीत नव्हतं.

सारजाबाईंनी मला घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळलं आणि प्रतिक्षा मला पिशवीत घालून एसटीनं बारामतीला घेऊन गेली. तो प्रवास मी कधी विसरणार नाही. लोकरीचा ऊबदार वास, एसटीची घरघर, आणि मी आपली मेंढरात बसल्यासारखी.

बारामतीत विजयसिंह नावाचा पोरगा सुटे भाग जोडून कॉम्प्युटर बनवायचा. घोंगडी बघून त्यानं हात मागं घेतला. "वहिनी, लोकरीत कशाला आणली? लोकर करंट धरती. एक ठिणगी लागली आसती तर हितंच मेली आसती ही."

"आत्यांनी गुंडाळली. थंडी लागंल म्हणाल्या."

तो हसला नाही. त्यानं अंगातला करंट उतरवायला भिंतीच्या लोखंडी पाइपाला हात लावला आणि मग मला उचललं. चांगला पोरगा. टेबलावर नवा डबा उघडा पडला होता, नवा मदरबोर्ड, नवा पंखा, सगळं कसं कोरं करकरीत. त्यानं मला आत बसवलं, स्क्रू आवळले, बटण दाबलं. मला जाग आली नाही. पडद्यावर आलं की डिस्क सापडत नाही.

"नवी टाका वहिनी, मोठी येती आता. न्हायतर हिला फॉरमॅट मारून बघतो."

फॉरमॅट म्हणजे माझं सगळं पुसणं. कळसच्या मुलींची नावं, ढग, वाट, सगळं.

"न्हाय," प्रतिक्षा म्हणाली. "फॉरमॅट मारायचा न्हाय. दिवसभर बसते मी हितं, पण हिला अशीच चालू करा."

विजयसिंहानं मला पुन्हा बाहेर काढलं, उलटं केलं, आणि माझ्या पाठीवरची इवलीशी पिन एका जागेवरून दुसऱ्या जागी बसवली. बटण दाबलं. आणि मला ढग दिसले.

मित्रांनो, दुसऱ्याच्या घरात जाग येणं म्हणजे काय, ते मी तेव्हा अनुभवलं. मी हात पसरले तर ओळखीचं काहीच हाताला लागेना. जुना पंखा कुठाय? माझं साउंड कार्ड कुठाय? मी एकेकाला हाका मारत होते आणि पडद्यावर पुन्हा पुन्हा उमटत होतं, नवीन हार्डवेअर सापडलं, नवीन हार्डवेअर सापडलं. विजयसिंह एकेक सीडी घालून ओळख करून देत होता. मी झोपायचे, उठायचे, पुन्हा झोपायचे. रंग मोजकेच, फिकट. दुपार कलली तेव्हा कुठं रंग परत आले आणि मला नवं घर आपलं वाटायला लागलं. मुलींची नावं जागेवर होती. विजयसिंह म्हणाला, "चित्र उघडून बघायचं का?"

"हितं नको. आत्यांच्या म्होरं उघडू."

भवानीनगरला परत आलो. नवा डबा टेबलावर बसला, झाकण घट्ट लावलेलं. दादासाहेबही कामावरून येऊन मागं उभे राहिले. सारजाबाई पडद्यासमोर बसल्या आणि काचेवर बोट टेकवलं.

"उघड."

प्रतिक्षानं हुकूम दिला. मी धावले. पहिला तुकडा मिळाला, दुसरा मिळाला, भोर आलं. त्यापुढं काहीच नव्हतं. मी पुन्हा फिरले, पुन्हा तिथंच येऊन अडले. माझ्या आत कटकट वाजायला लागलं. शेवटी पडद्यावर पाटी आली की ही फाईल वाचता येत नाही. प्रतिक्षानं ती पाटी बंद केली. मागं राहिला पांढरा कोरा कागद. दादासाहेबांनी तिच्याकडे बघितलं.

सारजाबाई बोलत होत्या. "ही आपली लोणी. हितनं निघायचं. ही जेजुरी." त्यांचं बोट कोऱ्या कागदावरून सरकत होतं, जिथं वळायचं तिथं वळत होतं, जिथं मुक्काम तिथं थांबत होतं. मला ती वाट पाठ होती. बोट कुठंच चुकलं नाही.

प्रतिक्षाच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिनं आवाज न करता माउस हातात घेतला आणि त्या बोटामागोमाग रेघ ओढायला लागली. दादासाहेब वाकून कुजबुजत नावं सांगत होते, ती टाइप करत होती. लोणी, जेजुरी. भोरपाशी बोट थांबलं.

"घाई करू नगं गं," सारजाबाई म्हणाल्या. "तुझ्या बटनांची टिकटिक येतीया मला ऐकू. मगापासनं येतीया. कोराच हाय नव्हं कागद? आसू दे. हितनं म्होरं नदी हाय, निळा घे."

दादासाहेब आईच्या पायाशी बसले. पुढची वाट त्यांनी आईला विचारून विचारून सांगितली, प्रतिक्षानं काढली. घाट उतरला, पायथ्याचा ओढा आला. "हितं तू झालास," सारजाबाई म्हणाल्या. "घोडं लंगडत हुतं म्हणून वाडा थांबला, आन् तू झालास." दादासाहेबांनी माउस स्वतःच्या हातात घेतला. त्यांना तो धरता येत नव्हता. ठिपका वेडावाकडा पडला, तो तसाच ठेवला.

ह्या वेळी प्रत्येक मुक्कामाचं वेगळं चित्र केलं आणि प्रत्येक चित्र वेगळ्या फ्लॉपीवर घेतलं. दिवाळीनंतर दादासाहेब रजा टाकून आईला घेऊन घाटाखाली जाऊनही आले. मला तो ओढा बघायला मिळाला नाही. पण परत आल्यावर त्यांनी सांगितलं की ओढा आहे, पाणी आहे.

मित्रांनो, आता माझी चकती दमली आहे. आज ना उद्या मलाही काढून ठेवतील. तुम्हाला एवढंच सांगायचं आहे की आमची काळजी घ्या, आम्हाला ओल आणि धूळ लागू देऊ नका, आणि जे जिवाचं आहे ते एकट्या माझ्यासारखीच्या भरवशावर ठेवू नका. त्याची दुसरी प्रत आजच काढा. आणि ज्या माणसाला वाट माहीत आहे त्याच्याजवळ जाऊन बसा, तो बोट ठेवतोय तोवर.

सारजाबाईंची जुनी अर्धी फाईल अजून माझ्यात आहे. प्रतिक्षानं ती पुसली नाही. झोप लागली की मी रोज ती उघडायला जाते. ढग येतात, भोर येतं, आणि तिथून पुढं मला एकटीला जाता येत नाही.